ब्रेनस्टेम पाठ होऊनच नाही राहिलं, कोणी समजावून सांगेल का?

काटोलचा_पोट्टा
मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, नागपुरातच. सोमवारी न्यूरोॲनाटॉमीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, आहे आणि ब्रेनस्टेमपाशी, मेंदूच्या खालच्या देठापाशी, माझी गाडी पार फसली आहे. दहावीत मराठी माध्यमात हे प्रकरण एका परिच्छेदात उरकलं होतं. मस्तिष्कपुच्छ म्हणजे हृदयाचे ठोके, श्वास, शिंक, खोकला. लिहिलं की मार्क मिळाले. आता तेच मस्तिष्कपुच्छ मेड्युला होऊन आलं आहे, त्यावर पॉन्स, त्यावर मिडब्रेन, आणि तिघं मिळून माझ्या छातीवर बसले आहेत. मोजायला गेलं तर मेड्युला ३ सेंटिमीटर, पॉन्स अडीच, मिडब्रेन दोन. सगळं मिळून बोटभर. त्या बोटभर जागेत मेंदूतून निघणाऱ्या १२ क्रेनिअल नर्व्हपैकी १० जणींचे न्यूक्लियस, म्हणजे पेशींचे पुंजके, कोंबलेले, आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा.

आमच्या लेक्चरला ५० मिनिटांत ९० च्या वर स्लाइड पळवल्या. एम्ब्रिऑलॉजी, म्हणजे गर्भाची वाढ, तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या सरांनी घेतली होती. त्याचा न् याचा काही संबंध आहे, हे कोणीच सांगितलं नाही.

माझं घोडं तीन जागी अडलं आहे.

एक, स्पायनल कॉर्डमध्ये मोटर (हालचालीचं) पुढे आणि सेन्सरी (संवेदनेचं) मागे, इथवर ठीक. मग मेड्युलात चढलं की तेच मोटर मध्ये आणि सेन्सरी बाहेर काऊन होतं?

दोन, मोटर मध्ये असतात म्हणता, तर घशाच्या स्नायूंचा न्यूक्लियस ॲम्बिग्युअस आत खोल बाजूला काय करून राहिला आहे?

तीन, सातवी नर्व्ह सरळ बाहेर निघायचं सोडून सहावीच्या न्यूक्लियसला वळसा काऊन घालते? लग्नातल्या फेऱ्यांसारखी?

पाठ करून पाहिलं. सकाळी येते, संध्याकाळी जाते. हॉस्टेलच्या खोलीत पारा ४४, कूलर घरघरून राहिला आहे, आणि मी वहीत तेच चित्र अकराव्यांदा काढून राहिलो आहे.

रट्टामार
मंगळवार, रात्री ११.५८

भाऊ, सोमवारचा व्हायवा आहे ना? मग समजण्याच्या भानगडीत पडू नको. रूल ऑफ फोर पकड. पीटर गेट्स नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या न्यूरॉलॉजिस्टनं २००५ मध्ये छापला होता. मेड्युलात चार नर्व्ह, ९ ते १२. पॉन्समध्ये चार, ५ ते ८. पॉन्सच्या वर चार. मधोमध चार गोष्टी, चारही एमवरून: मोटर पाथवे, मीडियल लेम्निस्कस, मीडियल लाँजिट्युडिनल फॅसिक्युलस, मोटर न्यूक्लियस. बाजूला चार, एसवरून: स्पायनोसेरेबेलर, स्पायनोथॅलॅमिक, पाचवीचा सेन्सरी न्यूक्लियस, सिंपथेटिक. आणि मधोमध बसणारे मोटर न्यूक्लियस कोणते? १२ ला ज्यांनी पूर्ण भाग जातो ते, १ आणि २ सोडून. म्हणजे ३, ४, ६, १२.

एवढ्यावर मी पास झालो. पुढे वॉर्डात पण चाललं.

जुनी_डिसेक्शनवाली
बुधवार, सकाळी ६.१५

रूल ऑफ फोर चांगला आहे, वॉर्डात तर फारच चांगला. पण या मुलानं "काऊन" विचारलं आहे आणि उत्तर मिळालं "कितीला भाग जातो". मी ३१ वर्षं ॲनाटॉमी शिकवली, निवृत्त होऊन सात वर्षं झाली. सकाळी कुलर बंद करून गॅलरीत चहा घेत ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. थोडं लांबेल.

बाळा, आधी एक काम कर. कूलरच्या पंपाला लावतात ती रबराची पाइप असते ना, तिचा वीतभर जुना तुकडा शोध. चालू कूलरची कापू नकोस. ब्लेडनं त्या तुकड्याला वरच्या बाजूनं, मधल्या चार बोटांत, उभी चीर दे. दोन्ही टोकं शाबूत ठेव. मग चीर फाकवून आत रंग लाव: तळाच्या अर्ध्या भागाला लाल, वरच्या अर्ध्या भागाला, म्हणजे चिरेच्या दोन्ही कडांपर्यंत, निळा. आता लाल खाली आहे, निळा वर आहे. लाल म्हणजे बेसल प्लेट, मोटर. निळा म्हणजे अ‍ॅलार प्लेट, सेन्सरी. हा तुझा स्पायनल कॉर्ड.

आता चीर आपल्याकडे, वर धर आणि पाइपची दोन्ही टोकं वर उचलून वाकव. काय होतं ते पाहा. चीर मिटत नाही, उलट फाकते. बरोबर शंकरपाळ्याच्या आकाराचं तोंड उघडतं. त्यात वरून डोकावलास की मधोमध लाल पट्टा दिसेल आणि दोन्हीकडे निळा. ना लाल सरकला, ना निळा. नळीच्या भिंती आडव्या पडल्या, बस.

हे वाकणं म्हणजे पाँटाइन फ्लेक्शर. पाचवा आठवडा. त्याआधी चौथ्या आठवड्यात नळीच्या वरच्या टोकाला तीन फुगवटे आलेले असतात. मिडब्रेनपाशी आणि मानेपाशी अशा दोन ठिकाणी ती पुढे, पोटाच्या बाजूला वाकलेली असते. पाँटाइन फ्लेक्शर उलटा, पाठीकडे वाकतो. तेव्हा गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत ५ ते ८ मिलिमीटर. आपल्याकडच्या तुरीच्या दाण्याएवढा म्हण. त्याच सुमारास तीन फुगवट्यांचे पाच होतात. सर्वांत मागच्याचे दोन भाग पडतात: मेटेनसेफॅलॉन, ज्यातून पॉन्स आणि सेरेबेलम (लहान मेंदू) येतात, आणि मायलेनसेफॅलॉन, म्हणजे मेड्युला. मिडब्रेनचा फुगवटा तेवढा एकटाच राहतो, त्याचे भाग पडत नाहीत.

खऱ्या गर्भात चीर नसते, हे लक्षात ठेव. तिथे छत ताणत ताणत कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ होतं. त्या शंकरपाळ्याचा तळ म्हणजे ऱ्हाँबॉइड फॉसा आणि आतली पोकळी म्हणजे फोर्थ व्हेंट्रिकल.

पाइपची युक्ती माझी नाही. विल्हेल्म हिस नावाचे स्विस शरीरशास्त्रज्ञ, जन्म १८३१, यांनी १८७० च्या दशकात रबराच्या नळ्या वाकवून गर्भाचा मेंदू समजावला होता. जर्मन प्राणीशास्त्रज्ञ हेकेलनं त्यांची "रबरी नळीवाले" म्हणून टर उडवली. टर उडवणारे उडवोत. पुढे मायक्रोटोमनं गर्भाचे पातळ काप काढून एकेक थर पाहणारे, आणि बेसल प्लेट न् अ‍ॅलार प्लेटची विभागणी दाखवणारे हिसच.

आता पडताळा. तुझा नियम खरा असेल तर जिथे नळी उघडली नाही तिथे जुनाच क्रम राहायला हवा. वर मिडब्रेनला बघ. तिथे नळी मिटलेलीच राहिली, पोकळी आक्रसून बारीक नळी, म्हणजे ॲक्विडक्ट झाली. तिसरी आणि चौथीचे न्यूक्लियस ॲक्विडक्टच्या पुढे, कॉलिक्युलस (बघण्या-ऐकण्याचे उंचवटे) मागे. मोटर पुढे, सेन्सरी मागे. खाली मेड्युलाच्या बंद भागात बघ: ग्रॅसाइल आणि क्युनेट हे सेन्सरी न्यूक्लियस मागेच. गडबड फक्त मधे, जिथे नळी उघडली तिथे. तुझा पहिला प्रश्न संपला. बाकीचे दोन पाइप वाकवून झाल्यावर.

काटोलचा_पोट्टा
बुधवार, संध्याकाळी ७.३०

मॅडम, केलं. जुना तुकडा मिळालाच नाही, म्हणून रूममेटच्या कूलरची कापली. तो लायब्ररीत आहे. लाल रंगाला मैत्रिणीचं नेलपॉलिश, निळ्याला मार्कर. मार्कर रबरावर टिकत नाही, तीनदा लावावा लागला.

आणि मॅडम, खरंच शंकरपाळं झालं! मी दहा मिनिटं नुसता उघडझाप करत बसलो होतो. शेजारच्या खोलीतले तिघं येऊन पाहून गेले. एक जण म्हणे, हे तर आमच्या सरांनी स्लाइडवर दाखवलं होतं. दाखवलं असेल बे, सेकंदभर.

आता दोन आणि तीन सांगा. आणि चौथी नर्व्ह मागून निघते म्हणतात, त्याबद्दलही.

जुनी_डिसेक्शनवाली
बुधवार, रात्री ९.०५

रूममेटला नवीन पाइप आणून दे. आधी ते.

तू काटोलचा, म्हणजे संत्र्याची बाग पाहिलेली असणार. शंकरपाळ्याच्या तळाला शेत समज. मधोमध उभी रेघ, तिच्या एका बाजूचंच बोलू. लाल आणि निळ्याच्या मधे एक खाच असते, सल्कस लिमिटन्स. हा तुझा धुरा. धुऱ्याच्या अलीकडे, मधल्या रेघेकडे, मोटरच्या तीन ओळी. पलीकडे सेन्सरीच्या. सुरुवातीला या ओळी वरपासून खालपर्यंत बऱ्याच सलग असतात. नंतर मधली मधली झाडं वाळतात, काही उरतात. उरलेल्या एकेका झाडाला आपण न्यूक्लियस म्हणतो. झाडं सुटी दिसली तरी ओळ डोळ्यांना कळतेच ना? तसं.

मधल्या रेघेला लागून पहिली ओळ: तिसरी, चौथी, सहावी, बारावी. डोळे हलवणारे आणि जीभ हलवणारी. रट्टामार यांचा १२ ला भाग जाण्याचा हिशोब म्हणजे ही ओळ. त्यांना ओळ दिसली नाही, आकडे दिसले. असो.

दुसरी ओळ गळ्याच्या कमानींची, फॅरिंजिअल आर्चेस. पहिल्या कमानीचे स्नायू पाचवीकडे, दुसऱ्या कमानीचे सातवीकडे, तिसऱ्याचे नववीकडे, चौथ्या आणि सहाव्याचे दहावीकडे. चावणं, चेहऱ्याचे हावभाव, गिळणं, आवाज. या ओळीची गंमत अशी की ती लावली त्या जागी राहत नाही. तिच्या पेशी तळाखालून आत आणि बाहेरच्या बाजूला चालत जातात. नववी-दहावीच्या वाट्याच्या पेशी रेटिक्युलर फॉर्मेशन या पेशी-तंतूंच्या जाळ्याच्या गर्दीत जाऊन अशा बसतात की जुन्या मंडळींना त्यांची कड नीट सापडेना, म्हणून नाव पडलं ॲम्बिग्युअस. संदिग्ध. तुझं दुसरं उत्तर हेच: तो तिथे जन्मला नाही, तिथे गेला.

तिसरी ओळ धुऱ्याच्या अगदी अलीकडे, पॅरासिंपथेटिक, म्हणजे बाहुली, लाळ, पोट आपोआप चालवणारी. एडिंगर-वेस्टफाल, लाळेचे दोन, आणि व्हेगसचा, म्हणजे दहावीचा, डॉर्सल. धुरा ओलांडला की आधी पोटातल्या संवेदना आणि चव, त्यापलीकडे चेहऱ्याची त्वचा आणि कान.

सातवीचा वळसा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हा सगळा भाग आडव्या फुगवट्यांत विभागलेला असतो, ऱ्हाँबोमिअर म्हणतात. सातवीच्या मोटर पेशी चौथ्या ऱ्हाँबोमिअरमध्ये जन्मतात आणि तिथून खाली सहाव्याकडे सरकतात. पण निघण्यापूर्वीच त्यांनी आपली दोरी, म्हणजे ॲक्झॉन, बाहेर टाकलेली असते. पेशी पुढे चालते, दोरी मागे तशीच. वाटेत सहावीचा न्यूक्लियस येतो, दोरी त्याला वळसा घालून राहते. लग्नाचे फेरे नाहीत रे, म्हातारीनं लोकरीचा गुंडा सोडत सोडत घरभर फिरावं तसं आहे ते. त्या वळशामुळे तळावर जो उंचवटा येतो तो फेशिअल कॉलिक्युलस. म्हणून तिथे घाव बसला तर एकाच वेळी चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते आणि त्या बाजूला नजर वळत नाही. व्हायवात "कॉलिक्युलसच्या खाली कोणता न्यूक्लियस" असं विचारलं की निम्मी पोरं सातवा म्हणतात. सहावा.

चौथी नर्व्ह: सर्वांत बारीक, मेंदूच्या मागून निघणारी एकटीच, आणि निघण्यापूर्वी छतातच दुसऱ्या बाजूला ओलांडून जाणारी. उजव्या न्यूक्लियसची नर्व्ह डाव्या डोळ्याला. इन्फिरिअर कॉलिक्युलसच्या खालून बाहेर पडते आणि कवटीच्या आत सर्वांत लांबचा रस्ता चालून पुढे येते. डिसेक्शनमध्ये सेरेबेलम घाईत उचललं की ती हमखास तुटते. मी पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंच्या तोडल्या होत्या.

एक राहिलं. शंकरपाळ्याच्या बाहेरच्या कडा, जिथे निळा पापुद्र्याला भिडतो, त्यांना ऱ्हाँबिक लिप म्हणतात, हेही हिसचंच नाव. वरच्या भागातल्या या कडा वाढून वाढून मधे एकमेकींना मिळतात आणि सेरेबेलम होतं. या कडांच्या खालच्या भागातून पेशींची एक टोळी निघून पॉन्सच्या पुढच्या बाजूला जाते, ते पाँटाइन न्यूक्लिआय. मेड्युलातला ऑलिव्हही असाच मागून पुढे आलेला. म्हणजे मोटरच्या पुढे अ‍ॅलारवाल्यांची वस्ती! पाइपच्या नियमाला एवढा एक अपवाद ठेव, नाहीतर बेसिस पाँटिस, म्हणजे पॉन्सचा पुढचा भाग, पाहून पुन्हा गोंधळशील.

वर्धा रोडचा डबलडेकर आठव. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. मिडब्रेनचा आडवा काप अगदी तसा: खाली क्रस, मधे टेग्मेंटम, वर टेक्टम. खालचा मजला म्हणजे कॉर्टेक्सकडून उतरणारी जड वाहतूक. फरक एवढाच की वर्धा रोडवर रस्ता आधी होता, पूल नंतर आला. इथे मधला मजला आधी, आणि खालचा रस्ता सर्वांत शेवटी, वरून तंतू उतरतील तसा. पॉन्समध्ये तळमजला अवाढव्य होतो आणि वरचा मजला जवळजवळ नसतोच, त्या जागी व्हेंट्रिकल आणि वर सेरेबेलम. पॉन्स म्हणजे पूल, हे नाव सोळाव्या शतकातल्या कोस्तान्झो वारोलिओचं. बाहेरून तो सेरेबेलमच्या दोन बाजूंना जोडणारा पूल दिसतो खरा, पण तंतू एका बाजूच्या सेरेबेलमहून दुसरीकडे जात नाहीत. पाँटाइन न्यूक्लिआयमधून निघून समोरच्या बाजूच्या सेरेबेलमला जातात.

फिजिओ_मनीषनगर
गुरुवार, दुपारी २.२०

मॅडम, हा धागा मी जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचला. चार वर्षं कॉलेजात जे डोक्यात गेलं नाही ते बाबांच्या आजारपणात गेलं होतं, आणि त्याचं कारण आज कळलं.

बाबा तेव्हा ६३ चे. सकाळी उठले ते गरगरतं म्हणत, दोन उलट्या. डावीकडे झोकांडी जाऊन राहिली होती. जवळच्या एका दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. हातपाय चालत होते, बोलत होते, चेहरा वाकडा नव्हता, त्यामुळे लकवा म्हणून कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी फिजिओथेरपिस्ट. दुपारपासून उचकी लागली. साखर खाल्ली, पाणी प्यायले, आईनं श्वास रोखायला लावला. थांबेना. पाणी पिताना ठसका, आवाज घोगरा.

संध्याकाळी आईनं स्टीलच्या पेल्यात चहा दिला. उकळता. आम्ही तो पेला पदरानं धरतो. बाबांनी उजव्या हातात नुसता धरला आणि टीव्ही पाहत बसले. आई ओरडली, अहो भाजेल! ते म्हणाले, कोमट तर आहे. डाव्या हातात दिला तर झटकन सोडला. तिथे माझ्या पोटात गोळा आला. मी ओल्या रुमालानं चेहरा पुसून पाहिला: डाव्या गालाला गार लागेना, उजव्याला लागे. डावी पापणी किंचित उतरलेली, डावी बाहुली बारीक. चेहरा डावा, अंग उजवं. एमआरआयमध्ये डाव्या लॅटरल मेड्युलाचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, इन्फार्क्ट (रक्त न मिळून मेलेला भाग) निघाला. याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात.

त्या रात्री डॉक्टरांनी बाबांना जीभ बाहेर काढायला सांगितली. सरळ आली. मला वाटलं, जीभ चांगली आहे म्हणजे गिळणं लवकर येईल. आलं नाही, नाकातून नळी पाच आठवडे होती. तेव्हा मला हे कोडं वाटायचं की जीभ शाबूत आणि घसा बंद, असं कसं.

जुनी_डिसेक्शनवाली
गुरुवार, दुपारी ४.४५

तुमच्या आईंच्या चहानं निदान केलं म्हणायचं.

पोरा, हे वाच आणि पाइप हातात घे. मेड्युलाच्या बाहेरच्या पट्ट्याचा रक्तपुरवठा बंद झाला, बहुधा व्हर्टिब्रल आर्टरी किंवा तिची सेरेबेलमकडे जाणारी पायका (PICA) फांदी. निळ्याकडचं गेलं: पाचवीचा स्पायनल न्यूक्लियस, म्हणून त्याच बाजूचा गाल. व्हेस्टिब्युलर, म्हणून गरगर. शेजारून चढणारा, दुखणं आणि गरम-गार नेणारा स्पायनोथॅलॅमिक खालीच ओलांडून आलेला, म्हणून समोरच्या बाजूचा हात. सिंपथेटिकची वाट, म्हणून पापणी. मधला पट्टा वाचला: हातपायांकडे उतरणारी मोटर वाट, म्हणजे पिरॅमिड, वाचली, म्हणून हातपाय चालले. बारावी मधल्या रेघेला चिकटून बसलेली, म्हणून जीभ सरळ. मग घसा का गेला? तो तर मोटर. कारण ॲम्बिग्युअस चालत चालत बाहेरच्या पट्ट्यात गेला होता. सहाव्या-सातव्या आठवड्यात घर बदललं आणि ६३ व्या वर्षी त्याची किंमत मोजली.

आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये असाच एक रुग्ण पाहून घाव कुठे असेल ते लिहून ठेवलं, आणि पुढे तो रुग्ण गेल्यावर १९०१ मध्ये शवविच्छेदनात ते खरं निघालं. एमआरआय नाही, सीटी नाही. टाचणी, कापूस, गरम-गार पाणी.

बाबा आता कसे आहेत?

फिजिओ_मनीषनगर
गुरुवार, रात्री ८.१०

बरे आहेत. तर्री पोहे खातात, तर्री कमी. उजव्या हाताला गरम अजून कळत नाही. आंघोळीचं पाणी डाव्या हातानं बघायचं, हे आता अंगवळणी पडलं आहे. चहा आई स्वतः फुंकून देते.

बाप_होणार
गुरुवार, रात्री १०.३०

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. गर्भाचा मेंदू असं शोधत इथे आलो. बायकोची ८ आठवड्यांची सोनोग्राफी झाली. चित्रात बाळाच्या डोक्यात मागच्या बाजूला एक काळा गोल खड्डा दिसतो. रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल लिहिलं आहे, पण दोन दिवसांपासून तेच चित्र मोबाइलवर मोठं करून पाहतो आहे. ते पाणी आहे का डोक्यात?

जुनी_डिसेक्शनवाली
शुक्रवार, सकाळी ६.०५

भाऊ, ज्यावर इथे चार दिवस खल चालला आहे तेच शंकरपाळं तुम्ही मोबाइलवर मोठं करून पाहताय. या दिवसांत मेंदूचा मागचा भाग उघडून फोर्थ व्हेंट्रिकल चांगलं मोठं झालेलं असतं, आत द्रव असतो, आणि सोनोग्राफीत द्रव काळाच दिसतो. ८ आठवड्यांना तो दिसणं हे वाढ वेळेवर असल्याचं लक्षण. पुढे त्यावर सेरेबेलम वाढतं आणि एवढा मोठा खड्डा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे तर झोपा. पुढची सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांत असेल, तेव्हा डॉक्टरांना हे चित्र दाखवून विचारा.

आणि पोरा, यात तुझ्यासाठीही फास आहे. यांचे ८ आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले. तुझ्या पुस्तकातले गर्भधारणेपासून. दोन आठवड्यांचा फरक. यांचा आठवा तो तुझा सहावा. ओबीजीवायच्या, म्हणजे प्रसूती विभागाच्या, मॅडम एक्स्टर्नल (बाहेरून आलेल्या परीक्षक) असल्या तर हेच विचारतील.

बाप_होणार
शुक्रवार, सकाळी ६.२०

झोपलोच नव्हतो. आता झोपतो. धन्यवाद ताई.

रट्टामार
शुक्रवार, सकाळी ११.००

मॅडम, "आकडे दिसले, ओळ दिसली नाही" हे मनाला लागलं. पण खरं आहे. एक विचारतो: ऱ्हाँबॉइड फॉसाच्या खालच्या टोकाला कॅलॅमस स्क्रिप्टोरिअस काय म्हणून म्हणतात? कधी कळलं नाही.

जुनी_डिसेक्शनवाली
शुक्रवार, दुपारी १२.३०

बोरू! कॅलॅमस म्हणजे बोरू, लिहिण्याचा. तळाचं खालचं टोक तासलेल्या बोरूसारखं निमुळतं होतं, मधली रेघ म्हणजे बोरूची चीर. वडील दुकानाच्या वह्या बोरूनं लिहायचे, म्हणून मला ते पहिल्या दिवशीच दिसलं. त्या टोकापाशी दोन छोटे त्रिकोण, मधला बारावीचा, त्याच्या बाहेर दहावीचा. अगदी कडेला एरिया पोस्ट्रेमा. तिथे रक्त आणि मेंदूमधला पडदा, ब्लड-ब्रेन बॅरिअर, नाही, रक्तात काही विषारी आलं की आधी तिला कळतं आणि ओकारी येते.

आणि लागलं असेल तर सोडा. शिकवायची सवय जात नाही.

काटोलचा_पोट्टा
सोमवार, संध्याकाळी ५.५०

झाला व्हायवा. पाइप ॲप्रनच्या खिशात घेऊन गेलो होतो, काढायची हिंमत नव्हती. एक्स्टर्नल मॅडमनी स्पेसिमेन पुढे केलं, सेरेबेलम काढलेलं, आणि फॉसावर टाचणी ठेवून म्हणाल्या, "हे काय?" फेशिअल कॉलिक्युलस. "खाली काय?" सहावा. "मग नाव फेशिअल का?" मी लोकरीचा गुंडा सांगितला. त्या हसल्या. मग विचारलं, मोटर मध्ये का? मी म्हटलं, मॅडम दाखवू का, आणि पाइप काढली. त्यांनी ती हातात घेतली, स्वतः वाकवली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली. शेजारच्या टेबलावरच्या सरांना बोलावून दाखवली. चौथी नर्व्ह कुठून निघते ते पाइपवरच दाखवायला लावलं. मी टोक उलटं धरलं, ते चुकलं.

आठवड्यांचं त्यांनी विचारलंच नाही.

पाइप त्यांनी ठेवून घेतली. म्हणाल्या, पुढच्या बॅचला लागेल. त्यामुळे रूममेटचा कूलर बुधवारपासून कोरडा फिरून राहिला आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. सीताबर्डीत कूलरची पाइप मीटरनं कुठे मिळते, आणि कितीला?